डब्यावरची मुलगी

आमच्या घरात चमचे कधी पुरले नाहीत. म्हणजे होते, आईच्या माहेरून आलेले सहा होते, पण त्यातला एक तरी कायम बाबांकडे असायचा आणि परत यायचा तो पाठीवर काळाकुट्ट होऊन. बाबा खेळण्यांच्या डब्यांवरची चित्रं काढायचे. जरीपटका या जवळच्या बाजारपेठेत एका सेठचा लहानसा कारखाना होता. चाबीच्या मोटारी, टिकल्यांची पिस्तुलं, ढोलकी वाजवणारी माकडं असला माल तिथे निघायचा. प्रत्येक मालाला पुठ्ठ्याचा डबा लागायचा, डब्याला चित्र लागायचं, आणि ते चित्र आमच्या घरात तयार व्हायचं. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत स्टो, आई आणि मी. पुढच्या खोलीत बाबा आणि त्यांचा लाकडी बोर्ड. नवं चित्र सुरू करताना बाबा मधलं दार लोटून घ्यायचे. मग आतून खर्र, खर्र असा आवाज यायचा, एका लयीत, तासभर तरी. पुठ्ठ्यावर चमच्याची पाठ घासल्याचा तो आवाज. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कागद गुळगुळीत करून राहिलो." मला ते पटलं. आई कुरड्यांचा चीक घाटत असली की तिला मध्ये काही विचारलेलं खपायचं नाही, तसंच हेही काहीतरी नाजूक काम असणार, असं मी धरून चालले.

वस्तीत बाबांना सगळे पेंटरबाबू म्हणायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला जे विहार आहे तिथल्या भिंतीवरचे बुद्ध बाबांनी काढले होते. पौर्णिमेला लोक तिथे हात जोडायचे तेव्हा मला आतून फार बरं वाटायचं. बाबा बोलायला मऊ. कोणाला नाही म्हणणं त्यांच्याच्यानं होत नसे. कोणी म्हणे लग्नाची पाटी रंगवून द्या, कोणी म्हणे सायकलवर नाव टाका, बाबा सगळ्यांना हो म्हणायचे आणि मग आईची बोलणी खात रात्रीचं जेवण उशिरा करायचे. रविवारी आई गोळाभात करायची. गरम भातावर डाळीचे गोळे कुस्करून, वरून लसणाच्या फोडणीचं तेल. बाबांच्या बोटांना सरसाचा आणि रंगाचा वास असायचा, कितीही हात धुतले तरी. त्या वासासकट मला तो भात आवडायचा. आज कोराडीच्या या घरात मी तोच भात करते, तेल तेवढंच टाकते, पण तो काही तसा लागत नाही. आमच्याकडे खिडकीत वीजकेंद्राची राख येते म्हणून असेल, असं मी सुनेला सांगते. तिला ते खरं वाटतं.

मी डावखुरी होते. आताच्या आया हे कौतुकानं सांगतात, फोनवर फोटो टाकतात. तेव्हा तसं नव्हतं. डाव्या हातानं घास घेतला की आई त्या हातावर चापट मारायची, न चिडता, माशी हाकलावी तशी. शाळेत बाईंची फूटपट्टी होती. ती मात्र चिडून बसायची. बोटांच्या सांध्यांवर, पट्टी उभी धरून. मी उजव्या हातानं लिहायला लागले की अक्षरं ओळीवरून खाली घसरायची, आणि मग खराब अक्षराबद्दल वेगळी पट्टी. वर्गात मला डावरी म्हणायचे. बाबांना हे सगळं माहीत होतं. ते आईला म्हणायचे, "राहू दे ना वं, काय बिघडून राहिलं त्यानं." एवढंच. पण घरात माझ्या हाताच्या बाजूनं बोलणारा तो एकच माणूस होता, आणि मी त्या माणसावर जीव टाकत होते.

त्याच दिवसांत मी बाबांच्या मागे लागले की मला काढा. डब्यांवर सगळे गोरे गोमटे परके लोक. घोड्यावरचा टोपीवाला, मोटारीतला गॉगलवाला, काचेचं शिरस्त्राण घातलेला अंतराळवीर. यात मी काहून नाही, असं माझं म्हणणं. बाबा हसून टाळायचे. मी महिनाभर तरी पिच्छा पुरवला असेल. शेवटी एका रविवारी त्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. भिंतीशी उभं केलं, एक पाय पाटावर ठेवायला लावला आणि हातात लाटणं दिलं.

"हे पिस्तूल समज. सेठचं नवं पिस्तूल निघून राहिलं, ठिणग्या उडवणारं. धर, असं समोर."

मी लाटणं डाव्या हातात घेतलं आणि लगेच घाबरून उजव्यात घेतलं. बाबा म्हणाले, "नाही. डाव्यातच राहू दे. तुह्याच हातानं धर."

मी दोन रविवार तशी उभी राहिले. बाबा मांडीवर बोर्ड घेऊन समोर बसले होते. एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर पुढे धरून ते माझं माप घ्यायचे, मग खाली बघून रेघ ओढायचे, परत वर बघायचे. पाटावरच्या पायाला मुंग्या यायच्या, खांदा भरून यायचा. मी जरा हलले की ते म्हणायचे, "हालू नको वं माय, नाक बिघडते." बोर्डाची पाठ माझ्याकडे होती. मागच्या खोलीतून आई दोनदा येऊन बघून गेली आणि दोन्ही वेळा काही न बोलता परत गेली. माझ्या आईला बोलल्याशिवाय राहवत नसे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण कोणी आपल्याकडे इतकं टक लावून बघत असताना दुसरं काही लक्षात येतं का? त्या दोन रविवारांइतकं मला पुढे कोणी बघितलं नाही, लग्नातसुद्धा नाही.

डबा छापून आला तेव्हा बाबांनी पहिला माझ्या हातात दिला. निळ्या आकाशात एक उडती तबकडी, तिच्यावर पाय रोवून उभी असलेली मुलगी, माझ्यासारख्याच लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या वाऱ्यावर उडताहेत, आणि डाव्या हातातल्या पिस्तुलातून ठिणग्या. रंग गोरा होता. बाबा म्हणाले, प्रेसवाल्याला आपला रंग छापता येत नाही. बाकी तूच आहेस. मी तो डबा शाळेत नेला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, वर्गाला दाखवला, आणि त्यानंतर त्यांची पट्टी माझ्या हातावर पुन्हा पडली नाही. छापलेल्या गोष्टीचा त्या काळी तेवढा मान होता. मुली मला डब्यावरची म्हणायला लागल्या. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातल्या मुली येऊन माझा हात बघून जायच्या. घरी आईची चापटही थांबली. मी सगळ्यांसमोर डाव्या हातानं लिहायचे, डाव्या हातानं जेवायचे, आणि कोणी काही म्हटलंच तर घरी जाऊन डबा आणायची माझी तयारी असे.

वर्ष गेलं असेल. बाबांना हिवताप झाला. ते पांघरुणं घेऊन पडले होते, आणि सेठचा निरोप आला की आधी दिलेलं सामान परत पाठवा, दुसऱ्या पेंटरला द्यायचं आहे. आई पाण्याच्या रांगेत होती. बाबांनी खाटेखालची पत्र्याची पेटी मला ओढायला लावली, आतून वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधलेलं एक पुडकं काढलं आणि म्हणाले, "सेठले नेऊन दे. उघडू नको." उघडू नको म्हटलं नसतं तर मी उघडलंही नसतं. जरीपटक्याच्या बाजारात शिरायच्या आधी एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर बसून मी सुतळी सोडली.

आत सात-आठ रंगीत इंग्रजी चित्रकथांची पुस्तकं होती. कडा कुरतडलेल्या, पानं पिवळी. पहिल्याच पुस्तकात आमचा घोड्यावरचा टोपीवाला होता. दुसऱ्यात गॉगलवाला, त्याच मोटारीत. तिसऱ्याच्या मधल्या पानावर तबकडीवर पाय रोवून उभी असलेली मुलगी होती. तोच पाय, तीच मान, बेल्टाचं तेच चकचकीत बक्कल. फक्त ती उलट्या बाजूला तोंड करून उभी होती आणि पिस्तूल तिच्या उजव्या हातात होतं. केस मानेपर्यंत कापलेले होते, वेण्या नव्हत्या. मी तिच्यावरून बोट फिरवलं. कडांना कागद दबलेला होता, पेन्सिल जोरात गिरवल्यावर दबतो तसा. पायाभोवती, हाताभोवती, हनुवटीखाली. मी बाकीचे सगळे तपासले. टोपीवाल्याची बंदूक पुस्तकात उजव्या हातात, आमच्या डब्यावर डाव्या. अंतराळवीराचा झेंडा पुस्तकात उजव्या हातात, डब्यावर डाव्या. आमचे सगळे डबे डावरे होते. एक माझ्यासाठी केलेला नव्हता, सगळेच तसे होते, आणि मी वर्षभर घरात त्यांच्यामध्ये बसून ते पाहिलं नव्हतं.

सेठ गल्ल्यावर बसला होता. वाईट माणूस नव्हता, मला दर वेळी लेमनच्या गोळ्या द्यायचा. मी पुडकं पुढे ठेवलं आणि विचारलं, "ही पुस्तकं तुमची आहेत का?"

"मेरी ही हैं बेटी. मैंने ही दी थी तेरे बाप को. इसमें से उतारता है वो." मग माझं तोंड बघून तो हसला. "क्यों, तेरे को नहीं पता था? पूरे मार्केट को मालूम है."

तिथून आमच्या घरापर्यंतचा रस्ता मी कसा चालले ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की विहारावरून जाताना मी थांबले आणि भिंतीवरच्या बुद्धांकडे पाहिलं, आणि मनात आलं, हे कुठल्या कॅलेंडरवरून? लोकांना तेही माहीत असेल. कुणाला त्याचं काही वाटतही नसेल. वाटत होतं ते फक्त मला, कारण फसवलं होतं ते फक्त मला.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हटलं, "पुस्तकं सेठले देल्ली." ते म्हणाले, "हाव." मी म्हटलं, "उघडली होती मी." मग त्यांनी कूस बदलली आणि मला काम समजावून सांगायला लागले, जसं एखाद्या शिकाऊ पोराला सांगावं. पुस्तकावर बटर पेपर ठेवायचा, मऊ पेन्सिलनं गिरवायचं. मग तो कागद पुठ्ठ्यावर पालथा टाकायचा आणि पाठीमागून चमच्यानं घासायचा. शिसं पुठ्ठ्यावर उतरते. पालथं पडलं का उजव्याचं डावं होते. त्याले मी काय करू? त्यांच्या आवाजात चोरी पकडल्याची शरम नव्हती, मला समजून घे अशी विनवणी होती, आणि तीच मला सहन झाली नाही.

"मग मले दोन रविवार काहून उभं केलं?"

"तू मांगे लागली होती ना वं."

"तुमी माह्याकडं पाहून रेघा ओढून राहिले होते."

"रेघा होत्याच. त्याच्यावरून हात फिरवून राहिलो होतो." मग म्हणाले, "पण वेण्या तर तुह्याच आहेत. पाह्य, पुस्तकात वेण्या नाही."

हे खरं होतं. त्या मुलीच्या डोक्याभोवती कागद दबलेला नव्हता, मी बोटानं पाहिलं होतं. पण तेव्हा मी त्यांना तेवढंसुद्धा द्यायला तयार नव्हते. मी मागच्या खोलीत गेले. आई पाण्याचे गुंड ठेवून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडायला बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"मले लग्नाच्या पयलेपासून मालूम होतं." काड्या मोडत ती म्हणाली. "त्यायले समोरचं पाहून काढता येत नाही. लय हौस आहे, पण येत नाही. तुले नाही कसं म्हनाव, म्हनून केलं त्यायनं नाटक. मी म्हनलं होतं, पोरीसंगं असं नका करू."

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"तू खूश होती वं." एवढं म्हणून तिनं स्टो पेटवला.

ताप उतरल्यावर मी बाबांना पुन्हा समोर बसवलं. हट्टानं. खाली काही नाही, पुस्तक नाही, कोरा पुठ्ठा. मी खुर्चीवर बसले, लाटणं वगैरे नाही, नुसती बसले. आता काढा, म्हटलं. बाबांनी एक डोळा मिटला, पेन्सिल पुढे धरली, मान खाली घातली. अर्ध्या तासात त्यांनी चारदा खोडलं. मी उठून पाहिलं. बटाट्यासारखा एक चेहरा होता, एक डोळा वर, एक खाली, कान कुठल्या कुठे. शाळेत दुसरीची पोरं काढतात तसा. वस्तीतले लोक ज्या हाताला पेंटरबाबूचा हात म्हणत होते, त्याच हातानं माझ्या डोळ्यांदेखत हे काढलं होतं. ते म्हणाले, "खाली काही असल्याबिगर माहा हात चालत नाही नंदा." त्या क्षणी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता तर पुढची सगळी वर्षं वेगळी गेली असती. मी म्हटलं, "मग नका काढू." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी उजव्या हातानं जेवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. आईनं पाहिलं आणि ताटात एक गोळा जास्त वाढला. बाबांनीही पाहिलं. शाळेत मी हात बदलला तेव्हा बाईंनाच नवल वाटलं. सहा महिने अक्षर घसरत राहिलं, मग बसलं. पुढे मी गणित शिकवलं, तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर उजव्या हातानं लिहिलं, आणि लोक माझ्या अक्षराची तारीफ करायचे. चित्रकलेच्या वाटेला कधी गेले नाही. बाबांशी बोलणं बंद केलं असंही नाही. जेवलात का, औषध घेतलं का, एवढं बोलत होतो. त्यांनी मात्र त्यानंतर कुठलंही चित्र मला दाखवलं नाही, आणि ते गेले तेव्हा मी शेवटपर्यंत जवळ असूनही आम्ही त्या विषयावर एक शब्द काढला नाही. एक गोष्ट मात्र मी रागातही राखून ठेवली होती, आणि हे आज कबूल करायला हरकत नाही. वेण्या माझ्या होत्या. पाय दुसरीचा, हात दुसरीचा, बक्कल दुसरीचं, पण घाई-गडबडीत का होईना, त्या माणसानं एकदा मान वर करून माझ्या वेण्या पाहिल्या होत्या आणि खाली काही न ठेवता काढल्या होत्या. ज्याला डोळ्यासमोरचं काढता येत नव्हतं त्यानं तेवढं माझ्यासाठी काढलं होतं. माझी मुलगी लहान असताना तिची वेणी घालताना मला ते आठवायचं, आणि बाबांवरचा राग तेवढ्यापुरता खाली बसायचा.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक तरुण आला. भाचीनं तो जुना डबा कुठेतरी फोनवर टाकला होता, त्यावरून त्यानं माझा पत्ता काढला. तो जुन्या खेळण्यांचे डबे जमवतो आणि त्यांच्यावरची चित्रं मुळात कुठल्या चित्रकथेतून उचलली ते शोधून काढतो. हे असं काम असतं हे मला ठाऊक नव्हतं. शहाणा मुलगा होता, चपला बाहेर काढल्या, मला काकू म्हणाला, पोहे मागून घेतले. त्यानं लॅपटॉप उघडून तबकडीवरची मुलगी दाखवली, कापलेल्या केसांची. मी म्हटलं, हे मी पाहिलेलं आहे. त्याचा चेहरा पडला, कारण त्याला वाटलं होतं मला धक्का बसेल.

"पण काकू, केस जुळत नव्हते," तो म्हणाला. "दोन वर्षं अडकलो होतो मी त्यावर. मग गेल्या महिन्यात हे सापडलं."

दुसरं पान. घोड्यावर बसलेली एक मुलगी, वाऱ्यावर उडणाऱ्या दोन वेण्या, लाल रिबिनी. एका रिबिनीचं टोक मधून चिरलेलं. आमच्या डब्यावरच्या रिबिनीलाही ती चीर आहे. मला वाटायचं, माझी रिबीन तशी होती. त्यानं ते चित्र उलटं फिरवलं, डब्यावरच्या मुलीच्या डोक्यावर सरकवलं, आणि केसागणिक जुळलं. मी ते दोनदा करून दाखवायला सांगितलं. मग मी त्याला म्हटलं, पोहे गार होताहेत, आधी खाऊन घे.

खाल्ल्यावर तो म्हणाला की या डब्यावर तो लिहिणार आहे आणि त्याला चित्रकाराचं नाव हवं आहे, कारण डब्यांवर कधी नाव छापलेलं नसतं. मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्यानं ते टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं.

"आणि एक शेवटचं, काकू. या चित्रासाठी त्यांनी कोणाला समोर उभं वगैरे केलं होतं का? म्हणजे कोणी मॉडेल?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नव्हतं."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि त्यानं तेही लिहून घेतलं.